स्पार्क प्लग

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं तर संपादकांनी आणि तुम्हीही सांभाळून घ्यावं ही विनंती.

या सुट्टीत मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत इनप्लांट ट्रेनिंगला जात होते. पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी तिथे एकच जागा होती, आणि माझ्या रूममेटलाही तीच हवी होती. एका रात्री तिने माझी रिजेक्शनच्या नोंदींची वही मागितली. वही कंपनीत राहिली, असं मी सांगून टाकलं. वही माझ्या उशीखाली होती! त्याच आठवड्यात मी लायब्ररीतून आणलेलं जे. आर. डी. टाटांचं चरित्र वाचत होते.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील रतनजी दादाभाई टाटा, आई सुझान फ्रेंच. उन्हाळ्यात हे कुटुंब हार्डेलो या समुद्रकाठच्या गावी जायचं आणि तिथे शेजारी कोण, तर लुई ब्लेरिओ! हा शिकलेला इंजिनिअर. मोटारींचे दिवे बनवून त्याने पैसा कमावला आणि तो सगळा विमानं बनवण्यात घातला. एकामागून एक विमानं पडली, मोडली, पण गडी हटला नाही. शेवटी २५ जुलै १९०९ रोजी, आपल्या अकराव्या नमुन्याच्या विमानातून, अवघ्या २५ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर त्याने इंग्लिश खाडी ओलांडली. हार्डेलोच्या वाळूवर विमानं उतरताना बघून छोट्या जेआरडींना जे वेड लागलं, ते कायमचंच. पंधराव्या वर्षी ते पहिल्यांदा विमानात बसले.

त्यांना केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकायचं होतं. पण १९२५ मध्ये वडिलांनी मुंबईला बोलावून बिनपगारी उमेदवार म्हणून कामाला लावलं. पुढच्याच वर्षी वडील वारले. डिग्री राहिली ती राहिलीच, आणि त्याची रुखरुख त्यांना जन्मभर होती. (आणि आपण सबमिशनला कंटाळतो!) उडण्याचं वेड मात्र सुटलं नाही. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं. भारतात दिलेलं ते पहिलं लायसन्स, नंबर १.

१९२९ मध्ये आगाखान यांनी भारत-इंग्लंड अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. जेआरडी कराचीहून निघाले. जेमतेम सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. बक्षीस अस्पीने जिंकलं, काही तासांच्या फरकाने! पुढे हाच अस्पी आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

हरलेले जेआरडी काही बसून राहिले नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ ला पस मॉथ या छोट्या विमानातून टपाल घेऊन ते कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोल आलं बैलगाडीतून! पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचायचं, म्हणून कारभार पुण्याला हलवावा लागे. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया झाली. १९५३ मध्ये ती सरकारने घेतली, तरी १९७८ पर्यंत अध्यक्ष जेआरडीच होते. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा स्वतः विमान चालवत केला. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला ते जिनिव्हात गेले. जन्मगावी, पॅरिसलाच त्यांना पुरलं आहे. एअर इंडिया २०२२ मध्ये परत टाटांकडे आली, ते बघायला मात्र ते नव्हते.

चरित्र वाचून संपलं, पण माझं मन अबुकीरलाच घुटमळत राहिलं. दुसऱ्या दिवशी वही रूममेटच्या टेबलावर ठेवली आणि खोटं बोलले होते तेही सांगितलं. ती दिवसभर बोलली नाही. रात्री मेसमधून येताना मात्र माझ्या ब्लोहोलच्या आकड्यांतली बेरजेची चूक तिने दाखवली. चूक खरंच होती.

प्रोजेक्टची यादी अजून लागलेली नाही. भीती वाटतेच, खोटं कशाला सांगू? पण आता उशीखाली काही नाही, झोप बरी लागते.