पडद्यामागचे केशवराव



थोर माणसांची चरित्रे आपल्या भित्तिपत्रकात नेहमी लागतात. लोकमान्य टिळक, सावित्रीबाई, राजर्षी शाहू महाराज यांच्यावर माझ्याआधी पुष्कळांनी लिहून झाले आहे. मी केशवराव भोसले यांच्यावर लिहिणार असे सांगितले, तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांना ते कोण हेच ठाऊक नव्हते. खरं सांगायचं तर मलाही आधी एवढंच माहीत होतं, की कोल्हापुरात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे आणि ते जळालं.

मला ते कळले एका दोरीमुळे. २०२५ सालच्या आमच्या स्नेहसंमेलनात मला नाटकात काम हवे होते. बाईंनी मला पडदा ओढायला दिला. मी दोन दिवस रुसून बसले. संमेलनाच्या रात्री दुसरा प्रवेश संपला आणि मी रागारागाने एकच दोरी ओढली. पडद्याच्या खालचा बांबू कलला, एक बाजू वर राहिली आणि आतले मावळे पेढे खात बसलेले साऱ्या गावाला दिसले. लोक किती हसले ते विचारू नका. मी रडतच घरी आले.

आमचे आज्जा सुतार आहेत. गावच्या जत्रेच्या नाटकाला पंचवीस वर्षे त्यांनी पडदे बांधले. ते मला रागावले नाहीत. गुंडाळीच्या पडद्याला दोन्ही दोऱ्या सारख्या ओढाव्या लागतात, एवढेच त्यांनी सांगितले, आणि मग केशवरावांची गोष्ट सांगायला बसले. ती मी नंतर वाचनालयातल्या पुस्तकांशी ताडून पाहिली. तीच येथे लिहिते.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील लवकर वारले. घरी गरिबी होती. ज्या वयात आपण पाटीवर अक्षरे गिरवतो, त्या वयात केशवराव स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्यामुळे शाळा अशी त्यांना फारशी मिळालीच नाही. त्या काळी बायकांची कामे पुरुष आणि मुलगेच करीत. गोविंद बल्लाळ देवल यांचे शारदा हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले होते. म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न लावून द्यायला निघालेल्या लहान मुलीची ती कथा. केशवरावांनी लहानपणीच त्यातल्या शारदेचे काम केले आणि त्यांचे नाव गावोगाव झाले. (आमच्या वर्गातल्या मुलग्यांना साडी नेसायला सांगा, बाकाखाली लपतील!)

त्यांचा आवाज उंच आणि धारदार होता. तेव्हा माईक नव्हता. शेवटच्या रांगेत, अगदी खाली जमिनीवर बसलेल्या माणसाला गाणे ऐकू गेले पाहिजे, ते गळ्यानेच. पुढे ते रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे गाणे शिकले.

पण आज्जांना गाण्यातले फारसे कळत नाही. त्यांना केशवरावांचे कौतुक आहे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे केशवरावांनी स्वतःची नाटक कंपनी काढली. तिचे नाव ललितकलादर्श. तेव्हा त्यांचे वय किती? सतरा! माझा मोठा चुलतभाऊ सतरा वर्षांचा आहे. त्याला दळण आणायला सांगितलं तर तो निम्मं पीठ रस्त्यावर सांडून येतो.

आपल्याला वाटते, नाटक कंपनी म्हणजे गाणारे, बोलणारे, मुकुट घातलेले लोक. ते दिसतात ना, म्हणून तसे वाटते. पण त्या काळची नाटक मंडळी म्हणजे एक चालते-फिरते गाव असे. नट, साथीदार, पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारा, शिंपी, न्हावी, आचारी, पाणक्या, तिकिटे विकणारा, दारावर उभा राहणारा अशी सगळी माणसे एकाच बिऱ्हाडात राहायची. त्यांत माझ्याएवढी मुलेसुद्धा असायची. त्यांना जेवण, अंथरूण-पांघरूण आणि तालीम, सारे मालकाने बघायचे. कोणाला ताप आला तर औषध मालकाचेच. नाटक चालो न चालो, आचाऱ्याची चूल सकाळी पेटलीच पाहिजे.

मुक्काम हलला की आणखी धांदल. पडदे म्हणजे काही आपल्या घरातले खिडकीचे पडदे नव्हेत. राजवाडा, बाग, रस्ता, अरण्य असे एकेक दृश्य मोठ्या कापडावर रंगवलेले असे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ तरुणपणी नाटक मंडळ्यांचे असे पडदे रंगवीत, म्हणून तर त्यांचे आडनावच पेंटर पडले. हेच बाबूराव पुढे सिनेमा काढणारे मोठे माणूस झाले. असे पडदे बांबूवर गुंडाळायचे, दागिने आणि पोशाख ट्रंकांत भरायचे, ऑर्गन आणि तबले जपून बांधायचे, मग बैलगाडीने स्टेशन आणि तिथून रेल्वे. नव्या गावी पोचले की जागा बघा, भाडे ठरवा, हस्तपत्रके वाटा, बत्त्या लावा. पाऊस आला की प्रेक्षक घरी बसत आणि गल्ला रिकामा. संध्याकाळी मात्र मालकाने हे सगळे विसरून तोंडाला रंग लावायचा आणि नायिका होऊन हसायचे.

मला यातले हे शेवटचे सर्वांत अवघड वाटते. मी तर एका दोरीच्या रागात पडदा बिघडवला.

केशवरावांनी जुन्या नाटकांवर गल्ला गोळा करीत बसायचे ठरवले असते तरी चालले असते. पण ललितकलादर्शने नव्या लेखकांची नाटके केली. मामा वरेरकरांचे हाच मुलाचा बाप हे नाटक हुंड्याविरुद्ध आहे, ते त्यांनी केले. वीर वामनराव जोशी यांचे राक्षसी महत्त्वाकांक्षा केले, आणि त्यात केशवरावांचे मृणालिनीचे काम गाजले. हिराबाई पेडणेकर यांचे दामिनी हे नाटकही याच मंडळीने रंगभूमीवर आणले. बाईने नाटक लिहायचे ही गोष्ट तेव्हा लोकांच्या पचनी पडणारी नव्हती. नाटक पडले तर मंडळीचे सारे बिऱ्हाड उपाशी, हे माहीत असून त्यांनी ते केले. पुस्तकात हे दोन ओळींत आटोपलेले आहे. मी मात्र तिथे बराच वेळ थांबले.

आता सगळे सांगतात ती गोष्ट. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर पैसे जमा होत होते. तेव्हा मराठी रंगभूमीवर दोन नावे मोठी, बालगंधर्व आणि केशवराव. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, चाहते वेगळे, आणि त्या चाहत्यांची आपसांत भांडणे. फंडाच्या मदतीसाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून खाडिलकरांचे मानापमान करायचे ठरले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात तो प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. सर्वांत महाग तिकीट १०० रुपयांचे होते. त्या काळचे शंभर रुपये बरं का! सोळा हजार रुपयांवर उत्पन्न झाले.

कोण जास्त छान गायले यावर म्हणे लोक पुढे कित्येक वर्षे वाद घालत होते. आज्जांचा प्रश्न निराळाच. त्या रात्री पडदा कोणाच्या माणसांनी ओढला असेल, बालगंधर्वांच्या की केशवरावांच्या? दोन कंपन्यांची माणसे, प्रत्येकाची आपली खूण, आपली पद्धत. आत एकाने दुसऱ्याचे ऐकले नसते, तर बाहेर दोघांचे गाणे कसे रंगले असते? याचे उत्तर मला कोणत्याच पुस्तकात मिळाले नाही. त्या माणसांची नावे कोणी लिहूनच ठेवली नाहीत.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, तोच केशवराव विषमज्वराने आजारी पडले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुण्यात ते वारले. वय अवघे ३१. मालक गेला की नाटक कंपनी बहुधा मोडते. ललितकलादर्श मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती पुढे चालवली. बापूराव १९३७ साली वारले, तेव्हा मात्र खंड पडला. मग त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी १९४२ मध्ये मंडळी पुन्हा उभी केली. २००८ साली तिला शंभर वर्षे झाली. सतरा वर्षांच्या मुलाने हुबळीत पेटवलेली चूल एवढी पुरली.

आता नाट्यगृहाविषयी. ते राजर्षी शाहू महाराजांनी बांधले. शेजारी त्यांनीच बांधलेले खासबाग कुस्तीचे मैदान आहे. नाट्यगृह १९१५ साली सुरू झाले, तेव्हा त्याला पॅलेस थिएटर म्हणत. प्रेक्षकांच्या मध्ये एकही खांब नव्हता, त्यामुळे मागच्याला मान वाकडी करावी लागत नसे. १९५७ साली त्याला केशवरावांचे नाव दिले.

आज्जा तरुण असताना एका मिस्त्रीच्या हाताखाली तिथे रंगमंचाच्या फळ्या बसवायला गेले होते. चार दिवसांचे काम. दुपारी सगळे भाकरी खायला बाहेर गेले की आज्जा मोकळ्या रंगमंचावर जाऊन उभे राहत. एकदा तर त्यांनी हळूच हाकसुद्धा मारून पाहिली. ही गोष्ट त्यांनी आजवर आज्जीलाही सांगितलेली नव्हती.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच आणि छप्पर जळून गेले. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती होती. आज्जा त्या दिवशी कामावर गेले नाहीत. आम्ही घरचे म्हणत होतो, की आज्जांचा गुडघा दुखतोय.

पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे एस.टी.ने कोल्हापूरला गेलो. आत काम चाललेले होते, म्हणून जाता आले नाही. दगडी भिंती उभ्या होत्या. आज्जा रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभे राहिले आणि आत कुठे कुठे काय होते ते मला बोटाने दाखवत राहिले. रंगपट इकडे, पडद्याच्या दोऱ्या तिकडे, आणि तो कोपरा, जिथे त्यांच्या हातच्या फळ्या होत्या. येताना त्यांनी मला भेळ घेऊन दिली.

या वर्षीच्या संमेलनात बाईंनी मला जिजाऊंचे काम देऊ केले होते. मी दोरीच मागून घेतली. जुना बांबू मुळातच थोडा वाकडा होता, हे आज्जांनी शाळेत येऊन पाहिल्यावर कळले. म्हणजे सगळी चूक माझी नव्हती! त्यांनी नवा बांबू तासून दिला आहे. तो ऑफिसच्या दाराशेजारी उभा करून ठेवला आहे. पालकांनी जाताना जरूर पाहावा, फक्त लहान मुलांना त्याला लोंबकळू देऊ नये.