शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षक

पुणे शहरी एका फुलमाळ्याच्या घरी १८२७ साली जोतीराव फुले यांचा जन्म झाला. ते एक वर्षाचेही झाले नव्हते, तोच त्यांच्या मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या. सगुणाबाई नावाच्या नात्यातील प्रेमळ स्त्रीने त्यांचा सांभाळ केला. वडील गोविंदराव यांनी मुलास शाळेत घातले खरे. पण शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे काहींनी त्यांच्या मनात भरविले. जोतीरावांची शाळा सुटली आणि हाती खुरपे आले.

दिवसा मळ्यात राबावे आणि रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक वाचावे, असा त्यांचा क्रम चालू झाला. शेजारी राहणारे गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब यांनी ही ज्ञानाची तहान पाहिली. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत जाऊ लागले. शेत आणि शाळा यांत वैर मानले, तर शेतकऱ्याच्या मुलाचे केवढे नुकसान होते, हे त्यांनी स्वतः अनुभविले होते.

१८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीरावांनी पत्नी सावित्रीबाई यांस शिकवून तयार केले व त्या शिक्षिका झाल्या. या कार्यापायी उभयतांस घर सोडावे लागले, तरी ते डगमगले नाहीत. पुढे १८५५ साली दिवसभर कष्ट करणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी त्यांनी आपल्या घरी रात्रीची शाळा सुरू केली. शाळेचा खरा आधार तिचा शिक्षक होय, ही गोष्ट त्यांच्या मनावर कायमची ठसली.

१८८२ साली शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने हंटर आयोग नेमला. त्यापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलास शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. खेड्यातील शाळेत मोडी व बाळबोध वाचन, लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, नीती व आरोग्य यांबरोबर शेतीचेही प्राथमिक ज्ञान द्यावे, असे त्यांनी सुचविले. शेतीचा धडा नुसता वाचून समजत नाही. म्हणून शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे, म्हणजे मुलांस प्रत्यक्ष काम करून शिकता येईल, असा त्यांचा आग्रह होता.

हे शिकविणार कोण? त्याचेही उत्तर जोतीरावांनी दिले. शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून निवडून रीतसर तयार करावेत. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्यांस संकोच वाटू नये आणि लोकांत मिसळण्याची त्यांस आवड असावी. अशा शिक्षकांस दरमहा बारा रुपयांहून कमी वेतन नसावे व मोठ्या गावी ते पंधरा ते वीस रुपये असावे, असेही त्यांनी मांडले. सक्तीच्या शिक्षणाची मागणी सरकारने त्या वेळी मानली नाही.

जोतीराव स्वस्थ बसले नाहीत. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहिला. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून जागोजागी बांध घालावेत, असे त्यांनी त्यात सुचविले. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेऱ्यासारख्या अरण्यालगतच्या तालुक्यात भाताच्या बांध्यांमध्ये अडलेले पाणी पाहिले, म्हणजे या सूचनेचे मोल सहज ध्यानात येते. गुरचरणाची राने सरकारने बंद केल्यामुळे शेतकऱ्यांची जनावरे कशी उपाशी मरतात, हेही त्यांनी निर्भयपणे लिहिले.

१८८८ साली मुंबईच्या जनतेने त्यांस ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लेखन चालू ठेवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी हा थोर पुरुष निजधामास गेला.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा देशात २०१० साली लागू झाला. राहुरी येथील कृषी विद्यापीठ आज महात्मा फुले यांचे नाव धारण करून आहे. आपल्या शाळेच्या परसात वाफा खणताना ज्याचे हात मातीने भरतात, तो मुलगा जोतीरावांनी सुचविलेलाच धडा गिरवीत असतो.