हिऱ्यामोत्यांचे शौकीन खंडेराव महाराज

खंडेराव महाराज गायकवाड १८५६ साली बडोद्याच्या गादीवर आले. कुस्ती-शिकारीइतकाच त्यांना जडजवाहिराचा नाद. ब्राझीलमध्ये १८५३ साली एका गुलाम बाईला सापडलेला ‘स्टार ऑफ द साऊथ’ हिरा, पैलू पाडून १२८ कॅरेटचा झालेला, त्यांनी तब्बल ८०,००० पौंडांना घेतला. खजिन्यातला सातपदरी मोत्यांचा हार तर जगभर गाजला.

ही नुसती हौस नव्हती. खरी सत्ता इंग्रज रेसिडेंटकडे सरकत चालली होती. राजेपण दाखवायला गळा आणि पागोटं तेवढं उरलं होतं.

मदिनेतल्या पैगंबरांच्या कबरीसाठी महाराजांनी लाखो मोत्यांचा गालिचा करवून घेतला, असं सांगतात. तो बडोद्यातच राहिला. १८७० साली महाराज गेले. गादीवर आलेले भाऊ मल्हारराव रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याच्या आरोपात अडकले. त्या विषातही हिऱ्याची पूड होती म्हणे! १८७५ साली ते पदच्युत झाले. मग खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला, तेच सयाजीराव.

गालिचा २००९ साली दोह्यात सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. हिराही बडोद्याबाहेर गेला. सयाजीरावांचं ग्रंथालय मात्र अजून तिथंच आहे.