विश्लेषण : स्पॅनिश काळांचे कोडे सोडवणारे आंद्रेस बेयो

स्पॅनिश शिकणारे अडखळतात ते क्रियापदांच्या काळांपाशी. ही गुंतागुंत उलगडली आंद्रेस बेयो यांनी. जन्म १७८१, काराकास. तरुणपणी त्यांनी सिमोन बोलिव्हार यांना काही काळ शिकवले. १८१० मध्ये शिष्टमंडळासोबत ते लंडनला गेले आणि १९ वर्षे तिथेच राहिले, तीही बहुतांशी ओढगस्तीत. १८२९ मध्ये चिली सरकारने त्यांना बोलावून घेतले.

तोवर स्पॅनिश व्याकरण लॅटिनच्या साच्यात कोंबले जाई. बेयोंनी १८४१ च्या ग्रंथात काळांना कामावरून नावे दिली. ‘कांताबा’ (गात होता) ही भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेसोबत चालणारी क्रिया, म्हणून ‘कोप्रेतेरितो’, म्हणजे सहभूत. ‘कांतारिया’ (गाईल, असे तेव्हा वाटले होते) ही भूतकाळातल्या क्षणानंतरची, म्हणून ‘पोस्प्रेतेरितो’. घटना कशाच्या आधी, सोबत की नंतर, एवढे विचारले की तक्ते घोकण्याचे निम्मे कष्ट वाचतात.

१८४७ चे त्यांचे व्याकरण खास अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांसाठी होते. स्पेनची सत्ता गेली होती. लॅटिनसारखीच स्पॅनिशचीही शकले होतील, ही धास्ती त्यामागे होती. चिलीची १८५५ ची नागरी संहिताही प्रामुख्याने त्यांचीच. १८६५ मध्ये सांतियागोत त्यांचे निधन झाले. स्पेनच्या अकादमीने काळांची वेगळी नावे रूढ केली. मेक्सिकोतील शाळांत मात्र बेयोंचीच नावे शिकवली जातात.