पडद्याबाहेर आलेली गृहलक्ष्मी : जानकीदेवी बजाज

शेठ जमनालालजी बजाज यांचा परिचय वर्धा जिल्ह्यात कोणास करून द्यावा लागत नाही. त्यांच्या सहधर्मचारिणी जानकीदेवी यांच्याविषयी मात्र त्रोटकच बोलले जाते. स्त्रीशिक्षण आणि स्त्री-पुरुष समानता हे विषय आज वृत्तपत्रांतून नित्य चर्चिले जातात. व्यापारी घराच्या उंबरठ्याच्या आत ही समानता किती सायासाने आली, हे जाणण्यासाठी जानकीदेवींच्या जीवनाकडे वळावे लागते.

त्यांचा जन्म ७ जानेवारी १८९३ रोजी जावरा येथील वैष्णव अग्रवाल कुटुंबात झाला. १९०२ साली, वयाच्या अवघ्या नवव्या वर्षी, त्या वर्ध्याच्या शेठ बच्छराजजींच्या घरी सून म्हणून आल्या. पतीचे वय तेव्हा बारा वर्षांचे होते. शाळेचे शिक्षण वाट्याला आले नाही. घर सधन, कापसाचा मोठा व्यापार. सुनेच्या अंगावर सोने आणि चेहऱ्यावर घुंघट. पेढीची पत सुनेच्या दागिन्यांवरून जोखण्याचा तो काळ होता आणि जैन घरे त्याला फारशी अपवाद नव्हती. भगवान महावीरांनी चतुर्विध संघात साध्वी व श्राविका यांना स्थान दिले, ते व्याख्यानात श्रद्धेने ऐकले जाई. घरी परतल्यावर मात्र पदर पुन्हा खाली येई.

महात्मा गांधींच्या सहवासाने जमनालालजींचे जीवन पालटले आणि त्याची झळ प्रथम अंतःपुरास लागली. पतीची इच्छा कळताच जानकीदेवींनी सोन्याचे अलंकार उतरविले. पुढे घुंघटही गेला. १९२१ साली विदेशी कापडाच्या बहिष्कारात घरातील उंची वस्त्रांची होळी झाली. कापडाचा एकेक वार मोजून विकणाऱ्यालाच त्या ज्वाळांची खरी किंमत कळेल. त्यानंतर अंगावर खादी आली व हाती चरखा. सोने उतरविण्यापेक्षा घुंघट उतरविणे अधिक कठीण गेले असले पाहिजे. सोने तिजोरीत तरी राहते, उघड्या चेहऱ्याला मात्र रोज नातलगांच्या नजरा झेलाव्या लागतात.

१९२६ मध्ये थोरली कन्या कमला हिचा विवाह साबरमती आश्रमात अत्यंत साधेपणाने झाला. शेठजींच्या घरचे लग्न आणि थाटमाट नाही, ही त्या काळी अचंब्याची गोष्ट होती. कन्या मदालसा हिला विनोबांच्या सान्निध्यात शिक्षण लाभले. स्वतःला न मिळालेले शिक्षण अशा रीतीने या माऊलीच्या लेकींपर्यंत पोहोचले. जुलै १९२८ मध्ये बजाज घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांसाठी खुले झाले. सनातनी मंडळींचा रोष ओढवला. जानकीदेवी या कार्यात पतीच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. एके काळी परपुरुषासमोर न येणाऱ्या या गृहिणीने पुढे सभांतून पडदाप्रथेविरुद्ध भाषणे केली आणि १९३२ च्या सविनय कायदेभंगात कारावासही भोगला.

तथापि, येथवरचा त्याग बऱ्याच अंशी पतीच्या आज्ञेने झाला, हेही प्रांजळपणे नोंदवावे लागेल. खरी कसोटी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी आली. जमनालालजींचे आकस्मिक निधन झाले आणि शोकाच्या भरात जानकीदेवींच्या मनात सती जाण्याचा विचार आला. घुंघट सोडला, सोने सोडले, तुरुंग पाहिला. तरी पतीवाचून पत्नीला जीवन नाही ही शिकवण अंतरी कोठेतरी शिल्लक राहिलीच होती. गांधीजींनी त्यांना त्या विचारापासून परावृत्त केले आणि पतीच्या अपुऱ्या कार्यासाठी जगण्याचा मार्ग दाखविला. जानकीदेवींनी आपली संपत्ती गोसेवेस अर्पण केली आणि गोसेवा संघाचे अध्यक्षपद स्वीकारले. वैधव्याला कोपरा नेमून देणाऱ्या समाजात एका विधवेने संस्थेची धुरा वाहिली, ती वर्ष-दोन वर्षे नव्हे, अनेक वर्षे.

१९५१ पासून विनोबांची भूदान चळवळ सुरू झाली. वयाची साठी जवळ आलेली असताना जानकीदेवी तिच्यात सामील झाल्या. जमीन मिळाली, पण पाणी नसेल तर भूमिहीनाने तिचे काय करावे, हा व्यवहारी प्रश्न त्यांना पडला आणि विहिरींसाठी दान मागणाऱ्या कूपदानाच्या कामात त्यांनी स्वतःस झोकून दिले. व्यापारी घरात आयुष्य गेले असल्याने कोणाची ऐपत किती, हे त्यांना नेमके ठाऊक असावे. अशा याचकाला रिकाम्या हाती परतविणे सोपे नसते.

१९५६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. त्यांचे ‘मेरी जीवन यात्रा’ हे हिंदी आत्मचरित्रही प्रकाशित झाले. पतीच्या निधनानंतर सदतीस वर्षे त्यांनी कार्य केले. २१ मे १९७९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. शाळा न पाहिलेल्या या सुनेचे नाव शिक्षा मंडळाच्या वर्धा येथील विज्ञान महाविद्यालयाने दीर्घकाळ धारण केले आणि गावोगावच्या मुलींच्या पदव्यांवर ते छापले गेले.