आनंदीबाईंची पदवी आणि थकलेले शरीर

११ मार्च १८८६. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात विमेन्स मेडिकल कॉलेजचा पदवीदान समारंभ झाला आणि आनंदीबाई गोपाळराव जोशी डॉक्टर झाल्या. वयाची एकवीस वर्षेही पूर्ण व्हायची होती. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. हा प्रसंग आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो आहोत. मात्र या पदवीनंतर वर्षही पुरे झाले नाही तोच आनंदीबाई गेल्या. त्यांचे शरीर त्याआधी कितीतरी वर्षे काही सांगत होते. आज त्याविषयी.

कल्याणच्या जोशी कुटुंबातली ही यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यातील गोपाळरावांशी झाले आणि ती आनंदी झाली. बायकोने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा ध्यास होता, पण त्याला धाकाची आणि माराचीही जोड होती. लहानपणी सोसलेला तो मार आनंदीबाईंनी पुढे नवऱ्याला लिहिलेल्या पत्रातच नोंदवून ठेवला आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्याला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, हे दुःख त्यांच्या डॉक्टर होण्यामागे होते.

बदल्यांच्या मागे फिरत हे जोडपे कलकत्त्याला पोचले. तिथेच तब्येतीच्या तक्रारी वाढल्या. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी दम लागणे. अमेरिकेतल्या स्नेही थिओडिशिया कार्पेंटर यांनी तिकडून औषधे पाठवली, गुण आला नाही. तरीही एप्रिल १८८३मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय बोटीत चढल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपला धर्म आणि रीतिरिवाज सोडणार नसल्याचे जाहीर केले होते.

तो शब्द त्यांनी पाळला, पण त्याची किंमत शरीराने मोजली. फिलाडेल्फियाचा बर्फाळ हिवाळा, शाकाहाराला न मानवणारे परके जेवण आणि वैद्यकाचा अवजड अभ्यास, हे सगळे आधीच खंगलेल्या देहावर आले. त्यातच क्षयाने गाठले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२मध्येच दाखवून दिला होता, पण त्याला मारणारे औषध मिळायला १९४०चे दशक उजाडावे लागले. अशा अवस्थेत आनंदीबाईंनी भारतीय परंपरेतील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि परीक्षा दिली.

बुद्धी आणि निश्चय शाबूत दिसत होते. म्हणून शरीरही ठीक होते का?

क्षयात संध्याकाळी ताप चढतो, रात्री घाम येऊन झोप मोडते, स्नायू झिजतात आणि अन्नावरची वासना उडते. वासना उडण्याच्या या लक्षणाला डॉक्टर ‘अनोरेक्सिया’ म्हणतात. याच शब्दावरून एका वेगळ्याच आजाराचे नाव पडले आहे, ‘अनोरेक्सिया नर्व्होसा’. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी आनंदीबाईंच्या लहानपणीच, १८७३च्या सुमारास, हे नाव रूढ केले. हा मानसिक आजार आहे. यात भूक मेलेली नसते, ती दाबलेली असते. वजन वाढण्याची भीती इतकी बळावते की माणूस जेवण तोडत जातो आणि हाडे दिसू लागली तरी स्वतःला जाड समजतो. आनंदीबाईंना हा आजार नव्हता. पण कारण कोणतेही असो, अन्नाविना राहिलेले शरीर पुष्कळसे एकाच पद्धतीने वागते.

ते कसे, हे १९४४-४५मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात दिसले. ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने निम्म्याच्या आसपास अन्नावर ठेवले. त्यांना थंडी सोसेना, जिना चढणे जड झाले, नाडी मंदावली, मन चिडके आणि उदास झाले. डोक्यात दिवसभर जेवणाचेच विचार. आपले लक्ष लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पण बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, तर गुण फारसे घसरलेले नव्हते. माणूस आतून कोसळत असताना कागदावर हुशारच दिसत होता.

अनोरेक्सिया नर्व्होसात नेमकी हीच फसगत होते. झोप तुटक होते, गाढ झोपेचा वाटा घटतो, पहाटे लवकर जाग येते. पण उपाशी मेंदू शरीराला अन्नाच्या शोधात हलते ठेवतो. त्यामुळे रुग्ण येरझाऱ्या घालतो, व्यायाम करतो आणि घरच्यांना उत्साही वाटतो. विचारात ताठरपणा येतो, बारीकसारीक तपशिलात मन अडकते, ठरवलेले बदलणे अवघड जाते. अभ्यासू मुलीच्या बाबतीत याच गोष्टी शिस्त म्हणून वाखाणल्या जातात. आत मात्र हृदयाचे ठोके मंदावलेले असतात, पाळी थांबलेली असते, मेंदूचे आकारमानही घटलेले असते. दिलासा असा की वजन पूर्ववत झाले की झोप आणि विचारशक्ती बऱ्याच अंशी सुधारते, मेंदूही मोठ्या प्रमाणात भरून येतो. उपचार टळले, तर मात्र हा सर्वाधिक जीवघेण्या मानसिक आजारांपैकी एक आहे. मुलग्यांनाही तो होतो.

आपल्याकडे थकव्याला सबब लगेच सापडते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या कारेगावात रात्रपाळीचा कामगार दमलेला दिसला, तर आपण पाळीला बोल लावतो. मुलगी दमलेली दिसली तर परीक्षेला, आणि जेवत नसेल तर उपवासाला. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण काही आठवड्यांत वजन उतरले, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, चक्कर येऊ लागली, ताटावर बसणे टळू लागले, तर सबब पुरे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते आणि क्षयाची औषधेही मोफत मिळतात. जेवणाची भीती दिसत असेल, तर फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांची गरज लागते. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणे मात्र धोक्याचे, रक्तातील क्षार बिघडून जीवावर बेतू शकते. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा.

कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ केली होती. १८८६च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण त्या खुर्चीत कधी बसल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सीच्या दफनभूमीत विसावल्या.

त्यांच्या काळात क्षयावर औषध नव्हते. आज ते आहे, आणि उपाशी मेंदूविषयीचे ज्ञानही आहे. घरातल्या हुशार लेकराचे गुण आपण कौतुकाने विचारतोच. त्याबरोबर आज ती काय जेवली आणि रात्री किती झोपली, हेही विचारायला हवे.