मरुभूमीतील संत जांभोजी महाराज

मारवाडात पावसाचा भरवसा नाही. एक वर्ष पडतो, तर दोन वर्षे तोंड दाखवीत नाही. अशा मुलखात, नागौरजवळच्या पीपासर गावी, १४५१ साली जांभोजींचा जन्म झाला. तिथी आपल्या गोकुळाष्टमीचीच. वडील लोहटजी पंवार राजपूत, आई हंसादेवी. इकडे पैठणास भानुदास महाराज विठ्ठलभक्ती करीत होते, तोच हा काळ.

बालपणी हा मुलगा बोलतच नसे, म्हणून लोक त्याला खुळा समजत. पुढे सत्तावीस वर्षे त्यांनी गुरे राखली, असे परंपरा सांगते. गुराख्याला रान पाठ असते. चारा आधी कुठे संपतो, हरणे कुठे विसावतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. जांभोजींनी लग्न केले नाही. आईवडिलांच्या पश्चात घरदार सोडून ते समराथळ नावाच्या वाळूच्या टेकडीवर जाऊन राहिले.

मग मोठा दुष्काळ पडला. गुरेढोरे घेऊन लोक माळव्याची वाट धरू लागले. जांभोजींनी त्यांना धान्य देऊन थांबविले, अशी कथा आहे. पण आजची भूक भागली म्हणजे उद्याची मिटली, असे थोडेच आहे? १४८५ साली, दिवाळीच्या आठवडाभर आधी, त्यांनी समराथळावर कलश मांडला, मंत्रित जल दिले आणि लोकांना एकोणतीस नियम लावून दिले. बीस आणि नौ, म्हणून ते बिश्नोई झाले, असे सांगतात.

पहाटे स्नान, विष्णूचे नाम, क्षमा, मद्यमांसाचा त्याग, हे नियम माळकऱ्याला नवे नाहीत. पण पुढचे ऐका. हिरवे झाड तोडू नये. पाणी, दूध गाळून घ्यावे. सरपण झाडून, किडामुंगी काढून मगच चुलीत घालावे. बैल खच्ची करू नये. बकरे-मेंढे कसायाला विकू नयेत, त्यांचा कळप राखावा.

झाडावर एवढा भर का? तिकडची खेजडी म्हणजे आपली शमी. तिची मुळे फार खोल जातात, म्हणून भर उन्हाळ्यातही ती हिरवी असते. पाला गुरांना, शेंगांची भाजी माणसांना, सावली हरणांना. तिच्याखाली बाजरीही चांगली येते. ती तोडली की गुरे गेली, आणि गुरे गेली की गाव उठले. पाऊस आपल्या हाती नाही, कुऱ्हाड मात्र आपल्याच हाती आहे. हे ओळखून त्यांनी रानाची राखण प्रत्येकाच्या घरच्या धर्माला बांधून टाकली.

१५३६ साली, आळंदीच्या कार्तिकी एकादशीच्या दोन दिवस आधी येणाऱ्या नवमीस, जांभोजींनी देह ठेवला. बिकानेरकडील मुकाम येथे त्यांची समाधी आहे. बिश्नोई लोक देह जाळीत नाहीत, भूमीत ठेवतात. तेवढेच लाकूड वाचते.

नियमाची खरी परीक्षा जवळजवळ दोनशे वर्षांनी झाली. १७३० साली जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या बांधकामासाठी चुन्याची भट्टी लावायची होती. लाकडासाठी माणसे खेजडली गावी आली. अमृतादेवी नावाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यावर कुऱ्हाड चालली. तिच्या तीन मुलीही त्याच वाटेने गेल्या. बातमी गावोगाव पोचली, आणि एकामागून एक ३६३ जणांनी झाडांसाठी प्राण दिले. शेवटी महाराजांनी तोड थांबविली.

त्या गावांच्या शेतांत आजही काळवीट आणि चिंकारा निर्भयपणे चरतात. पिकाचा काही वाटा त्यांच्या तोंडी जातो, तो शेतकरी सोसतो. १९८३ साली राजस्थान सरकारने खेजडीला राज्यवृक्ष केले.

जांभोजींनी ना सैन्य ठेवले, ना कुंपण घातले. गरीब संसारी माणसाला रोज पाळता येतील असे नियम दिले, आणि पाच शतकांनंतरच्या लेकरांना सावली मिळाली. वारीच्या वाटेवर वडा-पिंपळाखाली टेकताना आपणही आठवावे : ही सावली कोणीतरी आपल्यासाठी राखली होती. पुढच्यांसाठी ती राखणे आता आपल्याकडे आहे.